मूर्ती सोडा, नैवेद्य बघा

बांद्र्याच्या मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा तोंडावर आली की आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत एक जुनं भांडण हटकून उकरून निघतं. बिलीव्हर, म्हणजे प्रतिमा न मानणाऱ्या नव्या पंथाचा, झालेला कुणी मामेभाऊ बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातलं कोरीव मूर्तीचं वचन घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. कुणी कॅथलिक आत्या उलट टपालाने ‘आम्ही पूजा करत नाही, मान देतो’ असं लिहिते. मग कोण किती वेळा गुडघे टेकतो, मेणबत्ती देवाला की पुतळ्याला, आईचा फोटो भिंतीवर चालतो तर आईसाहेब मरियेचा का नाही, अशा फैरी झडतात. दोन्ही बाजूंना आपापली वचनं तोंडपाठ असतात आणि दोन्ही बाजू समोरच्याच्या गुडघ्यांकडे बघत असतात.

माझं म्हणणं असं की हा सगळा वाद भलत्याच ठिकाणी चालला आहे. बायबलला मूर्ती ओळखायची असते तेव्हा ते दगड आहे की लाकूड, यापाशी थांबत नाही. तिच्यापुढे काय चढवलं, आणि ते कुणाचं होतं, हे ते विचारतं. मोशे डोंगरावर असताना इस्राएली लोकांनी घडवून घेतलेल्या सोन्याच्या वासराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यातले दोन तपशील प्रवचनात सहसा येत नाहीत. एक, ते सोनं आलं कुठून? मोशेच्या भावाने, अहरोनाने, पुरुषांना सांगितलं की तुमच्या बायकांच्या, मुलांच्या आणि मुलींच्या कानांतली कुंडलं काढून आणा. दागिने एकाचे, हौस दुसऱ्याची. दुसरा तपशील त्याहून महत्त्वाचा आहे. वासरू तयार झाल्यावर अहरोनाने दवंडी पिटली ती ‘उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव’ अशी. म्हणजे पाटी खऱ्या देवाचीच होती! आणि मोशेने जाब विचारला तेव्हा हा गृहस्थ काय म्हणतो? मी सोनं विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. आपोआप. समितीचे ठराव असेच आपोआप बाहेर येतात, हे ज्यांनी कुठल्याही ट्रस्टवर काम केलंय त्यांना सांगायला नको.

बिलीव्हर मंडळींचा मुद्दा मात्र हलका नाही. ते म्हणतील, तुम्ही आज्ञेला गुळगुळीत करताय. ‘मनातली मूर्ती’ म्हणायचं आणि समोरची तशीच ठेवायची, ही पळवाट झाली. आज्ञेत करू नकोस, पाया पडू नकोस, असं साफ लिहिलेलं आहे. खरं आहे. त्यांच्या बाजूने हिज्कीया राजाचा दाखलाही आहे. रानात साप चावून माणसं मरत होती तेव्हा मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळी साप केला होता. कैक पिढ्यांनी लोक त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीयाने तो फोडून टाकला. देवाने करायला लावलेली, मोशेच्या हातची वस्तू. आज कुठल्याही संग्रहालयाने काचेत ठेवली असती. वस्तूला महत्त्व नसतं म्हणणाऱ्याने हा प्रसंग वाचावा. पण त्याच प्रसंगात हेही आहे की धूप जळेपर्यंत तो साप कुणाला खुपला नाही. आणि ज्या निर्गमात मूर्तीची मनाई आहे, त्याच निर्गमात पाच अध्याय पुढे कोशावर, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवर, सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखधारी आकृती, घडवायचा हुकूम आहे. निव्वळ घडवण्यात पाप असतं तर हा हुकूम निघाला नसता.

कॅथलिकांचाही मुद्दा पक्का आहे. आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी प्रतिमा फोडायला घेतल्या, त्यावर ७८७ साली निकियाच्या दुसऱ्या धर्मसभेने निवाडा दिला की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत दिसणाऱ्या व्यक्तीकडे जातो, आणि आराधना मात्र एकट्या देवाची. बाराशे वर्षांहून जुना, विचारपूर्वक दिलेला निवाडा आहे. बांद्र्याला माउंट मेरीच्या पायऱ्यांखाली जत्रेत मेणाचे आकार मिळतात: हात, पाय, डोळे, तान्हं मूल, घर, आणि हल्ली विमानसुद्धा. ज्या बाईच्या पोराचा पाय वाळत चाललाय ती मेणाचा पाय घेऊन रांगेत उभी राहते. त्या रांगेत निम्म्या बायका ख्रिस्तीही नसतात. ती बाई मूर्तिपूजक आहे, असं तिच्या तोंडावर म्हणण्याची माझी छाती नाही. मूल व्हावं म्हणून शिलोच्या मंदिरात नवस बोलणारी हन्ना बायबलमध्ये आदराने उभी आहे. पण तिच्यामागे मेणाचं विमान घेऊन जो उभा आहे त्याच्याबद्दल काय म्हणायचं? काहीच नाही, असं माझं उत्तर आहे. व्हिसा मागणं हे पाप नव्हे. त्या व्हिसापायी म्हाताऱ्या आईबापांच्या नावावरचं घर विकायला लावलं असेल, तर मात्र ते विमान आणि मोशेपुढचं वासरू एकाच भट्टीतलं.

मूर्ती फोडली की मूर्तिपूजा संपते, ही समजूत इतिहासाने किती वेळा खोटी पाडावी? १५२२ च्या मार्चमध्ये चर्चसुधारक मार्टिन ल्यूथर लपून राहिलेल्या किल्ल्यातून घाईने विटेनबर्गला परतला, कारण त्याच्याच अनुयायांनी गावात प्रतिमांविरुद्ध धुमाकूळ घातला होता. प्रवचनात त्याने त्यांना विचारलं, लोक सूर्याचंद्राची पूजा करतात, म्हणून आता आकाशातून तारे ओढून काढायचे का? त्याचं फार ऐकलं गेलं नाही. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये गावोगावच्या चर्चमधले पुतळे फोडले गेले, भिंतींना पांढरी सफेदी लागली. त्याच पांढऱ्या भिंतींच्या चर्चमध्ये बसणाऱ्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये बांदा बेटांवर जायफळाच्या मक्तेदारीसाठी काय केलं? तिथली बहुतेक वस्ती मारली, गुलाम केली किंवा परागंदा केली. सफेदी केलेल्या भिंतीवर जायफळाची मूर्ती दिसत नव्हती, एवढंच.

आणि आपल्या दारातलं गोवं. १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी तिसवाडीतली देवळं पाडली, १५६७ मध्ये सासष्टीतली. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये भक्तांनी जुवारीपलीकडे प्रियोळला नेला, तो आजतागायत तिथे आहे. हे सगळं पहिल्या आज्ञेच्या नावाने झालं. पण ज्या शहरातून हे हुकूम सुटत, त्या जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, रुआ दिरैतावर, माणसांचा लिलाव चाले. घोडे, गालिचे आणि गुलाम. आता नैवेद्य कुणाचा आणि कुणापुढे, हे सांगायला धर्मपंडित हवा का? आम्ही वसईचे लोकही १७३९ पर्यंत त्याच राजवटीखाली होतो आणि आमचा धर्म तिच्याच काळात आमच्यापर्यंत आला. म्हणून हे लिहिताना बोट दुसऱ्याकडे दाखवून मोकळं होता येत नाही.

या वादाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पळवाट आहे आणि ती आमच्या वेदीवरूनच दाखवली जाते. ‘आजची मूर्ती म्हणजे मोबाइल. आजची मूर्ती म्हणजे क्रिकेट, सिनेमाचे हिरो, ब्रँडेड बूट.’ प्रवचन ऐकणारी तरुण पोरं मान डोलावतात आणि बाहेर पडल्यावर पहिल्यांदा मोबाइल काढतात. या यादीने कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणूनच ती सगळ्यांना आवडते. विचारी वाचक इथे रास्त हरकत घेईल: पैसा, पद, करिअर, बायकापोरं, जे जे प्रिय ते ते मूर्ती म्हणायला लागलात तर शब्दाला अर्थ काय उरला? लोभ ही मूर्तिपूजाच आहे, असं प्रेषित पौलाने कलस्सैकरांना लिहिलं खरं, पण त्याने आवडीला लोभ म्हटलं नव्हतं. एखादी गोष्ट आवडणं आणि तिच्यासाठी दुसऱ्याची मान देणं यांत फरक आहे. पोरगा रात्रभर मोबाइलवर गेम खेळतो तेव्हा त्याची झोप जाते. ते व्यसन, फार तर मूर्खपणा. त्याच पोराला बापाच्या अपुऱ्या राहिलेल्या डॉक्टरकीसाठी कोट्याला कोचिंग क्लासच्या खोलीत कोंडून घातलं, की मोलख या प्राचीन दैवताची आठवण व्हायला हरकत नाही. मोलखाला मुलं लागत.

यिर्मयाच्या सातव्या अध्यायात ही दोन्ही टोकं शेजारी शेजारी आहेत. वर चौथ्या वचनात लोक ‘परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर’ असा जप करतात आणि संदेष्टा त्यांना सांगतो की हे खोटे शब्द आहेत, यांच्यावर विसंबू नका. खाली एकतिसाव्या वचनात तीच माणसं हिन्नोमच्या खोऱ्यात आपले मुलगे आणि मुली आगीत टाकताहेत. ही दोन वेगळी पापं आहेत असं मला लहानपणी वाटे. २००२ च्या जानेवारीत ‘बोस्टन ग्लोब’ने तिथल्या धर्मप्रांताच्या कागदपत्रांवरून जे छापलं ते वाचल्यावर ती एकच आहेत असं दिसू लागलं. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना या पॅरिशमधून (चर्चच्या हद्दीतून) त्या पॅरिशमध्ये हलवलं जात होतं. का? चर्चचं नाव खराब होऊ नये म्हणून. त्याच डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना आर्चबिशपपद सोडावं लागलं. २००९ मध्ये आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि धर्मसंघांनी चालवलेल्या शाळा-आश्रमांत दशकानुदशकं मुलांचं काय झालं ते उजेडात आलं. या साऱ्या प्रकरणात एकही पुतळा नव्हता. होती ती संस्था, तिचं पावित्र्य, तिची अब्रू. त्या अब्रूपुढे मुलं ठेवली गेली. ठेवणारे हात रोज मिस्सा अर्पण करणारे होते.

यावर मी ऐकलेली उत्तरं ठरावीक आहेत. बहुसंख्य धर्मगुरू सज्जन आहेत. हो, आहेत, आणि मला घडवणारे दोनतीन त्यांतलेच. अत्याचार शाळांत, क्लबांत, घराघरांतही होतात. तेही खरं. चर्चचे वैरी अशा बातम्यांचा वापर करतात. करतात. पण मूर्तिपूजा अत्याचार करणाऱ्याच्या कृत्यात नव्हतीच मुळी, ते साधं पाप, कायद्याच्या भाषेत गुन्हा. मूर्तिपूजा ते झाकणाऱ्याच्या हिशोबात होती. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात संस्थेचं नाव, आणि सज्जन माणसांनी दुसरं पारडं निवडलं. वाईट माणसांना मूर्ती लागतेच असं नाही. चांगल्या माणसाकडून वाईट काम करून घ्यायचं तर मात्र ती लागते.

आता ज्या मामेभावाने वचन टाकलं त्याच्या फेलोशिपकडे, म्हणजे बिलीव्हरांच्या मंडळीकडे, वळू. मी गेलोय तिथे. हॉलमध्ये पुतळा नाही, चित्र नाही, क्रूससुद्धा साधा. पण दारावर पास्टरसाहेबांचा पुरुषभर उंचीचा फ्लेक्स, कोटातला, हात आशीर्वादाला उंचावलेला. व्यासपीठाशेजारी स्टँडवर क्यूआर कोड. टेबलावर अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्या. ‘बी पेरा, पीक घ्या’ हा संदेश गलतीकरांच्या पत्रातून ओढूनताणून काढलेला. दशांशाच्या वरचं दान म्हणजे बी, नोकरी-घर-बरेपणा म्हणजे पीक. पीक आलं की व्यासपीठावर साक्ष. नाही आलं तर विश्वास कमी पडला. या व्यवहारात दुकानदार कधी बुडत नाही.

तरी त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते आमच्या पॅरिशच्या चहापानात कुणी बोलत नाही. माझ्या ओळखीची चार घरं तिथे जाऊन दारूतून सुटली. बाई आजारी पडली तर रात्री अकराला प्रार्थनेला माणसं येतात. आमच्याकडे फादरांची वेळ घ्यावी लागते. बायबल हातात घेऊन वाचायला त्यांनी शिकवलं, आम्ही नुसतं ऐकत होतो. हे सगळं मान्य. पण ज्या घरात कर्करोगाचा पेशंट आहे आणि ‘गोळ्या खाणं म्हणजे अविश्वास’ हे ऐकून औषध बंद झालंय, तिथे कोणाचा बळी कोणाच्या कीर्तीसाठी जातोय? पास्टरचं नाव मोठं राहावं म्हणून रोगी स्वतःला दोषी समजत मरतो. मेणाचा पाय वाहणारी बाई निदान औषध थांबवत नाही.

बायबलातल्या इस्राएलच्या अहाब राजाची गोष्ट मला आम्हा वसईकरांसाठी जास्त जवळची वाटते. शोमरोनात त्याने बआलाची वेदी बांधली, त्याच्या राणीने, ईजबेलीने, बआलाचे संदेष्टे पोसले. बआल पावसापाण्याचा, पिकाचा देव. ही पूजा शेवटी पोचते कुठे? नाबोथाच्या द्राक्षमळ्यात. राजाला वाड्याशेजारी भाजीपाला लावायला जागा हवी होती. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. खोटे साक्षीदार उभे करून त्याला धोंडमार झाली आणि राजा कबजा घ्यायला गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामाला मोकळी झाली तेव्हा हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो उतरले, मोर्चे काढले. त्या वेळी ‘फादरांनी चर्चमध्ये बसावं’ म्हणणारे कमी नव्हते. आज केळीच्या वाड्या, पानवेली आणि बावखलं जिथे होती तिथे काय आहे, ते कुणीही येऊन बघावं. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचं गोड्या पाण्याचं तळं, विहिरीला तेच जिवंत ठेवी. ती भरावाने बुजवली गेली, विहिरी मचूळ झाल्या. ज्या गावांच्या विहिरींवर मुंबईने भाजी खाल्ली तिथे टँकर येऊ लागले.

शेतकऱ्याने जमीन विकली म्हणून तो मूर्तिपूजक, असं मी म्हणत नाही. शेती परवडत नव्हती, मजूर मिळत नव्हता, पोरांना शेतीत यायचं नव्हतं, आणि बिल्डर रोख मोजत होता. पगारदार माणसाने वातानुकूलित खोलीतून त्याला वतनाचा महिमा सांगू नये. पण बावखल एकट्याचं नसतं. ते बुजवताना शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणीही चढवलं गेलं आणि त्याला कुणी विचारलं नाही. दागिने एकाचे, हौस दुसऱ्याची, हे अहरोनापासूनचं आहे. त्याच पैशातून कुठे चर्चला नवी फरशी, कुठे सणाला मोठी रोषणाई झाली असेल, तर ‘परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव’ ही पाटीसुद्धा जुनीच.

राष्ट्राच्या मूर्तीबद्दल लोक कुजबुजत बोलतात, म्हणून लांबचा दाखला देतो. १९३३ मध्ये जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये स्वस्तिकाची निशाणं लागली आणि सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेने ज्यूवंशी पाळकांना पदावर ठेवायचं नाही, असा नियम केला. बाप्तिस्मा झालेले, अभिषेक झालेले पाळक. पुढच्या मे महिन्यात बार्मेन गावी जमलेल्या चर्चमधल्या विरोधकांनी जाहीरनामा काढून सांगितलं की चर्चला ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही. धाडसाचा कागद होता. पण त्यात ज्यू हा शब्द कुठेच नाही. मूर्ती कोणती ते त्यांना दिसलं, तिच्यापुढे कोणाला चढवलं जातंय ते लिहायचं राहून गेलं. ज्या क्रमाने आपण हा विषय बोलतो तो क्रमच किती महागात पडतो, याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

राहता राहिले शेजारी. हा लेख हिंदू मित्रांनी वाचला तर ते विचारतील, तुमच्या घरच्या भांडणात आमच्या देवांना का ओढता? विचारायचा त्यांना हक्क आहे. १८३१ मध्ये मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकरांचा वाद झाला, १८५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी भिडले. तो काळ जाहीर वादाचा होता, दोन्हीकडे अभ्यास होता आणि समोरासमोर उभं राहायची तयारी होती. आज आमच्यातले काही प्रचारक कॅमेऱ्यापुढे शेजाऱ्याच्या दैवताची टवाळी करून व्ह्यूज मिळवतात, त्याला वाद म्हणत नाहीत. इफिसात अर्तमी देवीच्या नावाने दंगल पेटली तेव्हा तिच्या मुळाशी देमेत्रिय सोनाराचा बुडता धंदा होता, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणाऱ्या लूकने न चुकता नोंदवलंय. त्याच पानावर शहराचा चिटणीस, स्वतः अर्तमीचा माणूस, पौलाच्या साथीदारांबद्दल भर सभेत म्हणतो की ही माणसं देवळं लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत. पौलाने त्या शहरात दोन वर्षांहून जास्त काळ शिकवलं होतं. आमच्या तालुक्यातला एखादा सरपंच किंवा पोलीस पाटील आमच्याबद्दल अशी साक्ष देईल का, याची मला खात्री नाही. जमिनींच्या व्यवहारांचं आठवलं तर पहिल्या अर्ध्या वाक्याबद्दलही नाही.